खेळाडू पाहुणे, नाव गावचं

आयर्नपिग्ज, मड हेन्स, यार्ड गोट्स, जंबो श्रिम्प, बिस्किट्स. अमेरिकेतल्या मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, बेसबॉल संघांची ही नावं पहिल्यांदा ऐकली की पोरखेळ वाटतो. खरं तर त्यामागे फार बारीक विचार असतो, आणि तो समजला की त्या गावांचीही ओळख पटते.

आधी पैशाचं गणित. मेजर लीग, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचे, ३० क्लब आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्या: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. असे १२० संघ. २०२१ च्या फेररचनेआधी ते १६० होते. खेळाडू आणि प्रशिक्षकांचा पगार वरचा क्लब देतो, कोणाला कधी वर न्यायचं तेही तोच ठरवतो. स्थानिक मालक जगतो तिकिटं, खाणंपिणं, जाहिराती आणि टोप्या-टीशर्टांवर. गावाचा लाडका पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ऐन जुलैत वर बोलावला गेला तर मालकाला चकार शब्द काढता येत नाही. खेळाडू येतात आणि जातात, मालकाच्या हाती नाव तेवढं राहतं.

म्हणून वरच्या क्लबचंच नाव लावून घेणं मला जोखमीचं वाटतं. करार दुसऱ्या क्लबशी झाला की पाट्या, गणवेश, टोप्यांचा साठा, सगळं बाद. ओहायोतल्या कोलंबसचा संघ १९७७ पासून क्लिपर्स आहे. पिट्सबर्ग, न्यूयॉर्क यांकीज, वॉशिंग्टन, क्लीव्हलंड असे चार वरचे क्लब झाले, नावाला धक्का लागला नाही.

नाव कसं जमावं याचा माझ्या मते उत्तम नमुना म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनचे लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज, २००८ पासूनचे. शेजारीच बेथलेहेम स्टीलचा अवाढव्य कारखाना. तिथलं पोलाद बनवणं १९९५ मध्ये थांबलं. भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाला इंग्रजीत पिग आयर्न म्हणतात, कारण वितळलेला रस मधल्या चरातून दोन्ही बाजूंच्या छोट्या साच्यांत जायचा आणि ते दृश्य डुकरिणीला लुचणाऱ्या पिल्लांसारखं दिसायचं. संघाने तो शब्द उलटा केला. शुभंकराचं नाव फेरस, त्याच्या जोडीदारणीचं फीफी, म्हणजे लोखंडाची रासायनिक खूण (Fe) दोनदा. पोराला डुक्कर दिसतं, भट्टीवर आयुष्य काढलेल्या आजोबांना आपलं काम दिसतं. एकाच नावात दोन पिढ्या सामावणं ही मोठी गोष्ट आहे.

कनेटिकटमधलं हार्टफर्ड यार्ड गोट्सही तसंच. यार्ड गोट म्हणजे बोकड नव्हे. रेल्वेच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाला कामगार तसं म्हणायचे. रंग निवडले हिरवा आणि निळा, १९९७ मध्ये शहर सोडून गेलेल्या व्हेलर्स या हॉकी संघाचे. ही निवड मला नावाहूनही हुशारीची वाटते, कारण हरवलेल्या गोष्टीची हुरहूर त्या रंगांत आधीच होती. स्टेडियम रखडलं, २०१६ चा अख्खा हंगाम संघ परगावी खेळला. तोवर गावाकडे संघाचं म्हणून होतं ते नाव आणि टोपी.

ओहायोतल्या टोलेडोच्या मड हेन्सचं नाव १८९६ पासूनचं. मैदान दलदलीशेजारी होतं आणि तिथे मड हेन म्हणून ओळखले जाणारे हे काळे पाणपक्षी फिरायचे. याच्या आपल्याकडच्या चुलतभावाला आपण चांदवा किंवा वारकरी म्हणतो. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीचे बिस्किट्स म्हणजे चहात बुडवायचं बिस्कीट नव्हे, दक्षिणेतली लोण्याची मऊ, फुगीर पाव-वडी. लोगोत जिभेच्या जागी लोण्याचा तुकडा आहे.

आता प्रत्यक्ष काम. संघ सहसा नावांची स्पर्धा जाहीर करतात, पण अंतिम निवड बहुतेक मालकच करतो. स्पर्धेतून हाती लागतात गावातले शब्द, लोकांचे पत्ते आणि फुकटची बातमी. मग ट्रेडमार्कची तपासणी. नुसतं ‘टायगर्स’ म्हटलं तर ते डेट्रॉइटच्या मेजर लीग क्लबचं आहे, म्हणून दोन साधे शब्द जोडून तिसरंच काही घडवणं सोयीचं पडतं. त्यानंतर चिन्हांचा संच: मुख्य लोगो, घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची टोपी, अक्षरचिन्ह, बाहीवरचा बिल्ला. एका टोपीवर प्राणी असावा, एकीवर नुसतं अक्षर, कारण पन्नाशीचा माणूस ऑफिसला जाताना दात विचकणारं डुक्कर घालेलच असं नाही.

चुका इथेच होतात. चित्र पडद्यावर देखणं दिसतं, पण टोपीच्या पुढच्या भागावर भरतकामाला उंची मिळते जेमतेम सव्वादोन इंच. मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा धाग्यात बुडतात, छोट्या अक्षरांची पोकळी बुजते, रंगांच्या छटा उतरतच नाहीत. आधी टोपीच्या मापात काढावं, मग मोठं करावं.

घोषणेची वेळही ठरलेली. जॅक्सनव्हिलचे जंबो श्रिम्प, बिंगहॅम्टनचे रंबल पोनीज आणि न्यू ऑर्लीन्सचे बेबी केक्स ही तिन्ही नावं नोव्हेंबर २०१६ मध्येच आली. हंगाम एप्रिलचा, पण नाताळची खरेदी डिसेंबरची.

विरोध होतोच. जॅक्सनव्हिलमध्ये जुनं ‘सन्स’ नाव परत आणा म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम काढली. तो राग मी खोटा मानत नाही. जुन्या नावात लोकांचं बालपण असतं. टेक्सासमधल्या अमरिलोत अडचण वेगळी होती. संघाचं नाव सॉड पूडल्स. हा गवताळ माळावरच्या बिळकरी प्रेअरी डॉगचा जुना शब्द, असं संघाचं म्हणणं. हा शब्द आम्ही कधी ऐकलाच नाही, असं अनेक गावकऱ्यांचं. माझ्या मते इथे गावकरी बरोबर होते. जो शब्द गावाच्या तोंडी नाही, तो गावचा म्हणून विकू नये. पण २०१९ मध्ये, पहिल्याच हंगामात, संघाने टेक्सास लीगचं अजिंक्यपद आणलं, आणि आता तो शब्द अमरिलोत सगळ्यांच्या तोंडी आहे.