दोन फुटांचा पट

रविवार, रात्री

आजच्या गोल्फ स्पर्धेत २९ पॉइंट. बक्षिसाच्या आसपासही नाही, पण यादीच्या तळाशीही नाही. स्टेबलफर्ड पद्धत होती, म्हणजे हँडिकॅपची (खेळाडूच्या वकुबाप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांची) सूट धरून होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, पुरा केला तर दोन पॉइंट, एक फटका जास्त लागला तर एक आणि त्याहून बिघडलं की बॉल उचलायचा नि पुढे चालू लागायचं. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरानं ही पद्धत काढली. एकाच होलवर बारा-तेरा मारून उरलेली सकाळ नासवणाऱ्या माझ्यासारख्यांचे आशीर्वाद त्याला भरपूर लागले असतील.

पुण्यातल्या एका जुन्या क्लबवर कुठल्याशा कंपनीनं ठेवलेली स्पर्धा. शॉटगन स्टार्ट होता, त्यामुळे सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करणार. आमच्या वाट्याला सातवा आला. फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, एक निवृत्त कर्नल, साताऱ्याकडचे एक बांधकाम व्यावसायिक, हिंजवडीतला एक पोरगा आणि मी. तिघंही अनोळखी. मला हेच आवडतं आणि याचंच दडपणही येतं. कार्डं अदलाबदल झाली. माझं कर्नलसाहेबांकडे, साताऱ्याच्या दादांचं माझ्याकडे. स्पर्धेत आपला आकडा दुसरा लिहितो, शेवटी दोघांनी सही करायची, आणि एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा पडला नि तशीच सही झाली तर स्पर्धेतून बाद.

नवव्या होलवर माझा बॉल कपापासून, म्हणजे खड्ड्यापासून, दोन फुटांवर थांबला. आता हलकेच आत ढकलायचा, यालाच पट म्हणतात. इतका जवळचा पट मारल्याचं धरून सोडायच्या सवयीनं पोरगा म्हणाला, “गुड आहे मॅडम, उचला.” कर्नल कार्डातून मान वर न करता म्हणाले, “आज नाही.”

तेवढंच. पण आजची सगळी सकाळ त्या दोन शब्दांत होती.

मी खेळ शिकले खारघरला. सिडकोचं कोर्स, २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा ११च होल होते. कुणाच्या ओळखीशिवाय, क्लबच्या सभासदत्वाशिवाय पैसे भरून खेळता येतं म्हणून चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्या नोकरदार बाईला ते परवडलं. पावसाळ्यात पांडवकड्याकडचे डोंगर असे हिरवे होतात, की बॉल कुठे गेला याचं फारसं दुःख होत नाही. शनिवारचा आमचा ग्रुप प्रेमळ. बॉल पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) लांबीच्या आत आला की “चल, दिला”. पहिल्या टीवर, म्हणजे होल सुरू होतो तिथे, फटका फसला की “अजून एक मार”. चहावाल्याकडे पोचेपर्यंत सगळ्यांचे स्कोअर छान झालेले असतात. शनिवारच्या आणि स्पर्धेच्या माझ्या आकड्यांत सहा-सात फटक्यांचं अंतर पडतं ते इथेच. ड्राइव्ह (पहिला लांब फटका) तोच, बंकर (वाळूचे खड्डे) तेच, शेवटचे दोन फूट तेवढे वेगळे.

आणि ते दोन फूट काय असतात! कॅडी (बॅग उचलणारा सोबती) मागे उकिडवा बसून सांगतो, “मॅडम, कपाच्या आतच धरा. चढ आहे, भिऊ नका.” भिऊ नका म्हटलं की हटकून भीती वाटते. अंगठे ग्रिपवर पांढरे पडतात. बॉलवरचा कंपनीचा शिक्का नीट वाचता येईल इतका तो जवळ, कप तर त्याहून मोठा, सव्वाचार इंच. घरात गालिच्यावर मी हा पट डोळे मिटून घालते. आज पटर जरा आधीच थांबला, बॉल कडेवर गेला, अर्धी चक्कर मारून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत बसला. दोनाचा एक पॉइंट झाला. कर्नलांनी निर्विकारपणे लिहिला. त्या माणसाविषयी मला तेव्हा जो आदर वाटला तो अजून ओसरलेला नाही.

दादांचं मात्र लिहून ठेवायलाच हवं. तेराव्यावर त्यांचा बॉल उजवीकडच्या रफमध्ये, गुडघाभर गवतात. आम्ही तिघं फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या अंगाला. ते तिथे बराच वेळ वाकले, मग सरळ झाले, मारला. कपाभोवतीच्या ग्रीनवर आल्यावर मी विचारलं, “दादा, किती?” तर म्हणाले, “सहा. गवतात क्लब टेकवताना बॉल हलला होता, त्याचा एक धरा, ताई.” कुणी पाहिलं नव्हतं. कॅडीनंसुद्धा नाही. त्यांच्या आवाजात त्यागबिग काही नव्हता, विटांची गाडी उतरवताना फुटक्या विटा वजा सांगाव्यात तसा आवाज.

बॉबी जोन्सनं १९२५च्या यूएस ओपनमध्ये नेमकं हेच केलं होतं. रफमध्ये बॉल हलला, त्यानं स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला, स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लेनकडून तो हरला. जोन्सही हौशीच खेळाडू. फरक इतकाच, की त्याचं जगभर छापून आलं आणि साताऱ्याच्या दादांचं फक्त मला माहीत आहे.

आता दुसरी बाजू. हँडिकॅप हा प्रकार कागदावर फार सुंदर आहे. शेवटच्या २० राउंडांतले सर्वांत चांगले ८ घेऊन सरासरी काढतात, कोर्स किती अवघड त्याप्रमाणे फटके वाढतात-घटतात, आणि मी लाल टीवरून (जवळून), कर्नल पांढऱ्यावरून (लांबून) खेळूनही आमची खरी लढत होऊ शकते. आज मला ३१ फटके मिळत होते, म्हणजे प्रत्येक होलवर एक आणि अवघड १३ होलवर दोन. पण ही सगळी इमारत माणूस आपले चांगले राउंडही नोंदवतो या एका भरवशावर उभी आहे. ते लपवले की सूट वाढते. आज २४ हँडिकॅपवाले एक गृहस्थ ४२ पॉइंट घेऊन आले. ३६ झाले तरी आपण आपल्या हँडिकॅपला खेळलो म्हणून लोक खुश असतात. टाळ्या वाजल्या. आमच्या टेबलावर जरा कमी वाजल्या.

ज्यांना हँडिकॅपच नाही अशा पाहुण्यांसाठी डबल पेओरिया नावाची पद्धत होती. आयोजक १८पैकी १२ होल गुपचूप निवडतात आणि त्या होलवर तुम्ही जितके वाईट खेळाल तितकी तुम्हाला जास्त सूट. नेमक्या त्या होलवर माती खाऊन बाकीचे सहा नीट खेळलेला माणूस जिंकतो. ही लॉटरी आहे, तिला स्पर्धा म्हणू नये असं माझं स्पष्ट मत. विजेत्याचं भाषण मात्र सर्वांत लांबलं.

लकी ड्रॉमध्ये मला छत्री मिळाली. लेकानं दारातच विचारलं, “जिंकलीस?” मग, “पैसे किती गेले?” प्रवेश फी, कॅडी, टोल, डिझेल. मी छत्री पुढे केली.

रात्री स्कोअर ॲपवर गेला. एक जुना चांगला राउंड विसातून बाहेर पडला, त्यामुळे माझा हँडिकॅप इंडेक्स थोडा वर सरकला, म्हणजे पुढच्या वेळी एखादा फटका जास्त मिळेल. पुढच्या महिन्याच्या मेडल स्पर्धेला नाव दिलंय. स्ट्रोक प्ले आहे, म्हणजे सगळे फटके मोजायचे, त्यात बॉल उचलायची सोयच नाही. शनिवारी ग्रुपला सांगणार आहे, माझे पट देऊ नका म्हणून. ऐकतील असं वाटत नाही.