पैसा आला, चुलीचा धूर गेला, पण बाहेरच्या हवेचं काय?

आजीचं स्वयंपाकघर अजून डोळ्यासमोर आहे, फुंकणीने चूल फुंकून फुंकून लाल झालेले डोळे, काळीकुट्ट भिंत आणि रात्रभर खोकला. बाबांना नोकरी लागली, गॅस आला नि तो धूर गेला, म्हणजे पैशाने हवा सुधारते हे मी घरातच पाहिलंय. पण त्याच पैशाने आता पुण्यात आमच्या चौघांत तीन टू-व्हीलर नि एक कार आहे, समोर बिल्डिंगचं काम चालू, सकाळी पुसलेल्या गॅलरीत संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं की उत्पन्न वाढतं तसा हवेतला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळसा-तेल जळताना निघणारा घातक वायू, आधी वाढतो, मग एका टप्प्यानंतर कमी होतो. त्यावरून लोक म्हणतात आधी श्रीमंत होऊ, हवा आपोआप सुधारेल. मला हे अजिबात पटत नाही! १९५२ चं लंडन काय गरीब होतं? तरी डिसेंबरच्या पाच दिवसांच्या धुरक्याने हजारो माणसं गेली, आणि १९५६ मध्ये कायदा आला तेव्हा कुठे घरोघरच्या कोळशाच्या धुरावर बंधनं आली.

माझी भाची सहा वर्षांची आहे, दिवाळीनंतर तिचा नेब्युलायझर कपाटातून बाहेर येतो. तिने कुठल्या टप्प्याची वाट बघायची?