उगारलेला हात

आज संध्याकाळी लेकाने रागाच्या भरात धाकटीला ढकललं आणि माझा हात वर गेला. त्याने डोळे गच्च मिटून कान झाकून घेतले. हात तसाच खाली आला.

तेव्हापासून अ‍ॅड्रियन पीटरसन डोक्यातून जात नाहीये. अमेरिकन फुटबॉलमधला, तेव्हा मिनेसोटा वायकिंग्ज संघात असलेला धिप्पाड खेळाडू. २०१४ मध्ये त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाला झाडाच्या फोकाने मारलं. मांड्यांवर वळ उठले, जखमा झाल्या. टेक्सासमध्ये खटला भरला गेला, तो तडजोडीत मिटला: ४,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. त्याच्या फुटबॉल लीगने, एनएफएलने, त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. (टेक्सासचा कायदा आईवडिलांना ‘वाजवी’ माराची मुभा देतो, हेही खरं.) त्याचं म्हणणं, आईवडिलांनी मला अशीच शिस्त लावली, माझ्या यशात तिचा मोठा वाटा आहे.

मला हे अजिबात पटत नाही. मार खाऊनही तो घडला असेल ना! आणि सीमा वळ उठल्यावरच ओलांडली जाते असंही नाही. मूल आपली चूक विसरून फक्त आईवडिलांच्या हाताकडे बघायला लागलं, की तिथेच ती ओलांडलेली असते.

झोपताना त्याने विचारलं, “आई, तू मला मारणार होतीस?”

“हो,” म्हटलं. मग त्याचा हात बराच वेळ हातात धरून बसले.