सिटीची मॅगव्हील स्विफ्टला बसतात का? माझा अनुभव

जळगावात ओळखीतून जुन्या होंडा सिटीची पंधरा इंची मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, मिळत होती. माझ्या स्विफ्टला चौदा इंची लोखंडी डिस्क. "दोन्हीला चारच नट, घेऊन टाक," असं जो तो म्हणत होता. अमळनेरचे आमचे मेकॅनिक आबा तेवढे म्हणाले, "पयले मोजी ले भाऊ, मंग पैसा दे."

आधी पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार भोकांच्या चाकावर एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावायची. दोन्हीकडे १०० मिमी. इथेच बहुतेकांचं समाधान होतं.

मग व्हर्निअर लावून मधलं भोक मोजलं. सिटीचं ५६.१ मिमी, स्विफ्टचं हब, म्हणजे गाडीवरचा ज्या भागावर चाक बसतं तो, ५४.१. दोन मिलिमीटरचा हा फरक रिंगने भरला नाही, तर चाक हबवर टेकतच नाही आणि हायवेला वेग धरला की स्टिअरिंग थरथरू शकतं. बारीक भिंतीची प्लास्टिकची रिंग तयार मिळते.

खरी गोम नटांत आहे. सुझुकीच्या स्टडचा, म्हणजे हबवरच्या ज्या बोल्टवर नट चढतो त्याचा, आटा १२ × १.२५ (जाडी १२ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी), होंडाचा १२ × १.५. होंडाचा नट स्विफ्टला दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे नट आवळायची गन लावली की आटे गेलेच. स्विफ्टचा नट आट्याने बसतो, पण त्याचं टोक शंकूसारखं निमुळतं, आणि होंडाच्या मूळ चाकातली नटाची बैठक गोलाकार. नट जेमतेम कडेवर टेकतो आणि पुढे ढिला पडू शकतो. म्हणून १.२५ आट्याचे, गोल बैठकीचे नट शोधून आणले. या बाबतीत "चालतंय" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

पैसे देण्याआधी एक चाक जॅकवर चढवून पाहिलं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक हाताने फिरवलं. शॉकअबसॉर्बर आणि चाकाच्या मधून बोट सहज गेलं.

टायर १८५/६५ आर १५ घेतले. मूळच्या १६५/८० आर १४ ची उंची साधारण ६२० मिमी, यांची ६२१, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ तेच दाखवतो. सिटीचे १७५/६५ टायर ६०८ च भरतात, म्हणजे मूळपेक्षा कमी.

मूळचे नट डिकीत जपून ठेवलेत. स्टेपनी लोखंडी डिस्कची आहे, तिला तेच लागतात.