आमची वाटचाल : एक वर्ग, एक शिक्षक आणि सगळे विषय

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शैक्षणिक साहित्याचा छोटा कारखाना आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना लागणारे मणी, अक्षरकार्डे, नकाशे, मापे आणि मोजपट्ट्या आम्ही येथे तयार करतो. आमचे बहुतेक ग्राहक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, काही नगरपालिकेच्या आणि खासगी अनुदानित शाळाही आहेत. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक भाषेपासून कवायतीपर्यंत सर्व विषय शिकवतो, आणि या एका वस्तुस्थितीनुसार आमच्या मालाचे स्वरूप कसे बदलत गेले, ते येथे मांडत आहे.

हा व्यवसाय वडिलांच्या फर्निचरच्या कामातून निघाला. केंद्र सरकारची खडू-फळा योजना 1987 मध्ये सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, असा तिचा हेतू होता. वडिलांनी त्या काळात फळे, स्टँड आणि साहित्य ठेवण्याच्या लाकडी पेट्या पुरवल्या. पेटीत काय भरायचे, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. पुढे धंदा माझ्याकडे आला तेव्हा पेटी सोडून आतल्या वस्तू आपणच कराव्यात, असे ठरले, कारण टेबल-खुर्च्यांच्या बाजारात आमच्याहून मोठे कारखानदार उतरले होते आणि लेथ व कारागीर तर आमच्याकडे आधीपासूनच होते.

पहिली काही वर्षे आम्ही मागणीप्रमाणे विषयवार संच केले : भाषा पेटी, गणित पेटी, इंग्रजी पेटी. खरेदीची पत्रे आजही विषयवारच निघतात आणि तसे ते कार्यालयाच्या सोयीचेही असते. वर्गात मात्र विषयांच्या अशा भिंती नसतात. आमच्या जिल्ह्याच्या डोंगरी भागात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत, आणि तेथे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता असतात. पहिली-दुसरीला मराठी, गणित आणि इंग्रजी, तिसरीपासून परिसर अभ्यास, पाचवीला हिंदी, आणि या सर्वांबरोबर कला, कार्यानुभव व आरोग्य-शारीरिक शिक्षण. इंग्रजी तर 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासूनच आहे. इतके सगळे सांभाळणाऱ्या गुरुजींनी दर तासाला एक पेटी काढावी, मांडावी आणि मोजून परत भरावी, ही अपेक्षाच अव्यवहार्य होती. ज्या शाळांत आम्ही दुरुस्तीसाठी जात असू, तेथे उघडी राहणारी वस्तू नेहमी तीच असे, जी दोन-तीन विषयांना उपयोगी पडे. हे ध्यानात ठेवून आम्ही पुढचा माल घडवला.

भाषेपासून सांगतो. इंग्रजी अक्षरांचे सुटे ठोकळे शेजारी ठेवले की शब्द होतो, पण देवनागरीचे तसे नाही. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या डावीकडे आणि उच्चारायची अक्षरानंतर, उकार खाली, मात्रा वर. सुट्या ठोकळ्यांवर काना-मात्रा छापून दिल्या तर मूल त्या अक्षराच्या पुढे ओळीने मांडत जाते. म्हणून आम्ही अक्षराचे कार्ड जाड ठेवले आणि स्वरचिन्हे पारदर्शक पट्टीवर छापली. पट्टी कार्डावर ठेवली की ‘क’ चा ‘कि’ किंवा ‘कू’ झालेला दिसतो आणि एका कार्डावर सगळी बाराखडी फिरवून पाहता येते. जोडाक्षरांत ‘र’ ने आम्हांला सर्वांत जास्त काम दिले, कारण सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या चारही शब्दांत त्याचे रूप निराळे आहे. त्यासाठी चार वेगळ्या पट्ट्या कराव्या लागल्या. शिक्षक आता अक्षरे वर्णमालेच्या क्रमानेच शिकवतात असे नाही, चार-पाच अक्षरांत लगेच शब्द तयार होतील असे गट घेतात, त्यामुळे कार्डे बांधीव तक्त्यावर न देता सुटीच द्यावी लागतात.

छपाईची एक गोष्ट येथेच नोंदवतो. संगणकावरच्या अनेक फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. मराठीच्या प्रमाण वर्णमालेविषयी 2009 मध्ये शासन निर्णय झाला, तरी बाजारातले तक्ते हिंदी वळणाचेच छापले जात राहिले. मूल वहीत एक वळण गिरवते आणि भिंतीवर दुसरे पाहते, ही तक्रार पहिलीच्या बाईंनी केली तर त्यात क्षुल्लक काहीच नाही. आम्ही ही दोन अक्षरे स्वतंत्र रेखाटून घेतली आणि तेव्हापासून तीच वापरतो.

गणितात आमची सर्वांत जास्त विकली जाणारी वस्तू शंभर मण्यांची माळ आहे. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, अशी ती पुढे जाते. सत्तेचाळीस दाखव म्हटले की मूल चार रंगपट्टे ओलांडते आणि सात मणी पुढे जाते. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी लिहावे लागतात, म्हणून दुसरीच्या वहीत 47 च्या जागी 74 दिसणे नेहमीचे. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशा वाचनाची जोड दिली गेली तेव्हा राज्यभर वाद झाला आणि विनोदही झाले. त्या वादात मी शिरत नाही. आमच्या दशककार्डावर 40 छापलेले असते, एककाचे 7 चे कार्ड त्याच्या शून्यावर ठेवले की 47 दिसतो, आणि तो कसा वाचायचा हे गुरुजी ठरवतात. हातच्याच्या वजाबाकीला मात्र कार्डे चालत नाहीत. तेथे दहा काड्यांचा गठ्ठा प्रत्यक्ष सोडावा लागतो, रबर काढून दहा सुट्या काड्या हातात घ्याव्या लागतात. एवढे केल्यावर ‘शेजारून एक घेतला’ हे वाक्य पाठ करून घ्यावे लागत नाही.

खेळातल्या नोटांचा संच हा आमच्या दृष्टीने गणिताचा आणि गुरुजींच्या दृष्टीने सगळ्या विषयांचा आहे. शाळेत ‘बाजार’ भरतो तेव्हा मुले भाव विचारतात, घासाघीस करतात, फलक लिहितात, सुटे परत देतात. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली आणि आमच्याकडचे पाचशे-हजारांचे छापील गठ्ठेही खऱ्या नोटांइतकेच निरुपयोगी ठरले. बँकेत ते बदलून मिळण्याची सोय अर्थातच नव्हती. पुढे दोनशेची नोट आली, दोन हजारांची आली आणि गेली. आता आम्ही पहिली-दुसरीसाठी शंभरपर्यंतच्याच नोटा एका संचात देतो आणि त्याहून मोठ्या वेगळ्या विकतो.

नकाशांचे असेच झाले. तिसरीला मूल स्वतःचा जिल्हा शिकते, म्हणून सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांचे तुकडे जोडून नकाशा करण्याचे लाकडी कोडे आम्ही तयार केले. चौथीसाठी महाराष्ट्राचे केले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, जिल्हे 36 झाले आणि साचा नव्याने करावा लागला. अलीकडे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नावांसाठी केवळ छपाई बदलली, तुकड्यांचे आकार तेच राहिले. आमचा तालुक्यांचा नकाशा भूगोलापुरता उरला नाही, याचे श्रेय शिक्षकांचे. प्रत्येक तुकड्याच्या मागे कोऱ्या पट्टीची जागा ठेवा, असे एका केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यांनी सुचवले. त्या पट्टीवर मुले तालुक्यातले पीक, नदी, किल्ला, मामाचे गाव असे जे हवे ते लिहितात आणि पुसतात. चौथीत शिवचरित्र सुरू झाले की जावळीच्या तुकड्यामागे तिथल्या प्रसंगाविषयी दोन ओळी येतात. नकाशा तोच, पण तास इतिहासाचा आणि लेखन मराठीचे.

सगळ्यांत जास्त समाधान देणारी वस्तू आमच्या यादीतल्या सर्वांत साध्या वस्तूंपैकी आहे : शाळेचा पर्जन्यमापक. बाटली कापून तिचे तोंड उलटे बसवून पर्जन्यमापक पुष्कळ शाळा करतात, पण बाटलीचा तळ वेडावाकडा असल्याने शून्य कोठे मानायचे हा घोळ राहतो. आम्ही सरळ नळी घेतो, तिचा तळ सपाट ठेवतो आणि नरसाळ्याचे तोंड नळीच्या आतल्या व्यासाइतकेच ठेवतो. तोंड आणि नळी यांचा व्यास सारखा असला की आत साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पडलेला पाऊस, आणि तो साध्या मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये वाचता येतो. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते, शाळा आपली नोंद परिपाठाच्या आधी घेते. चालेल, फक्त वेळ रोज तीच हवी.

या नळीभोवती विषय कसे गोळा होतात ते पाहण्यासारखे आहे. पहिलीतले मूल फलकावर ढगाचे किंवा सूर्याचे चित्र लावते. तिसरीतली मुले पावसाचे दिवस मोजून चित्रालेख काढतात. चौथी-पाचवीची मुले आठवड्याची बेरीज करतात आणि मागच्या आठवड्याशी वजाबाकी करतात. दर शनिवारी एक जण ‘या आठवड्याचा पाऊस’ अशा पाच-सहा ओळी लिहून वाचतो. ‘रेनी डे’, ‘क्लाउडी’, ‘सनी’ ही इंग्रजी कार्डे रोज खरोखर वापरली जातात, नुसती पाठ केली जात नाहीत. आणि आमच्या जिल्ह्यात तर पावसानेच भूगोल लिहिला आहे : महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि पूर्वेकडे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माणमधल्या एका शाळेने पाटण तालुक्यातल्या शाळेशी फोनवरून रोजचे आकडे बदलायला सुरुवात केली. एकीकडे ‘नळी भरून वाहिली’ आणि दुसरीकडे ‘आज शून्य’. तिकडच्या गवताच्या रानाचे आणि इकडच्या ज्वारी-बाजरीचे धडे त्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नसावेत. पाटणच्या शाळेसाठी मग आम्ही नळीची उंची वाढवली.

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांसाठी आम्ही फार थोडे विकतो, आणि तेही विचारपूर्वक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभारताना परिसरात मिळणाऱ्या बिया, शंख-शिंपले, पाने यांतूनच साधने केली, आणि तो धडा साहित्य विकणाऱ्याने तर अधिकच लक्षात ठेवावा. चिंचोके, सागरगोटे, नदीकाठची माती आणि वाळलेली पाने गावात फुकट असताना त्यांची प्लास्टिकची नक्कल विकणे मला पटत नाही. लगोरीच्या चपट्या फरशा शाळेच्या आवारातच सापडतात. आम्ही मापाचे पेले, दोरीवरच्या उड्यांसाठी मुठी आणि लहान हातांना पेलेल अशी लेझीम एवढ्यावर थांबलो.

साताऱ्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या एका गटाने, मुले स्वतः करून पाहून शिकतात अशा ज्ञानरचनावादी वर्गांचा प्रयोग करून दाखवला आणि राज्यभरातून शिक्षक तो पाहायला येऊ लागले, तेव्हा आमच्या दुकानावरही गर्दी झाली. पुढे 2015 च्या जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि लोकसहभागातून साहित्य घेण्याची लाट उसळली. फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषा आणि अक्षरचक्रे तेव्हापासून आहेत. त्या लाटेत धंदा वाढला, हे खरे. पण कुमठ्याची जान साहित्यात नव्हती. मुलांना आपसांत बोलू देणे, चुका करू देणे आणि गटात बसवणे यांत ती होती, आणि ते विकत घेता येत नसल्याने काही ठिकाणी फक्त रंग आणि पेट्याच पोहोचल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी माल मागणारी शाळा मी आजही ओळखतो.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. शाळा जूनमध्ये उघडतात आणि निधी बहुधा मार्चअखेरीस खर्ची पडतो, त्यामुळे गरज एका टोकाला आणि खरेदी दुसऱ्या टोकाला असते. मधले महिने उधारीवर काढावे लागतात. एका कार्यालयाकडचे बिल इतके दिवस अडले की त्या वर्षी लाकूड कर्ज काढून घ्यावे लागले. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मागणीच थांबली. कारागीर टिकावेत म्हणून घरी वापरता येतील असे लहान संच केले, पण ते फारसे खपले नाहीत. पुढे 2021 मध्ये राहून गेलेला अभ्यास भरून काढणारा सेतू अभ्यास आणि वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याचे निपुण भारत अभियान यांमुळे वाचन आणि संख्याज्ञानाच्या साहित्याला मागणी परतली. दोन वर्षे वर्गात न बसलेली मुले थेट तिसरीत आली होती, आणि तिसरीचे शिक्षक पहिलीची कार्डे मागत होते.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला तेव्हा विक्रेत्यांनी हिंदी संचांसाठी तगादा लावला. शिक्षकांशी बोलून आम्ही थांबायचे ठरवले, कारण पहिलीत मराठीची अक्षरओळख पक्की होईपर्यंत त्याच लिपीतली दुसरी भाषा कोणत्या साहित्याने शिकवायची, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. जूनअखेर याविषयीचे शासन निर्णय मागे घेण्यात आले. पाचवीचा हिंदीचा संच पूर्वीप्रमाणेच मिळतो.

सध्या आम्ही तराजूवर काम करत आहोत. लाकडी दांडीचा, दोन पारड्यांचा, वजनांऐवजी मणी किंवा चिंचोके टाकूनही तोलता येईल असा तो हवा आहे. समीकरण ही कल्पना पाचवीच्या पुढची असली, तरी ‘दोन्ही बाजू सारख्या’ हे मुलाच्या डोळ्यांसमोर दुसरीतच यावे, असे शिक्षकांचे म्हणणे आहे. वाण्याच्या दुकानाचा खेळ त्यावर होईलच. पहिले नमुने तीन शाळांत दिले आहेत आणि दांडीची खीळ ढिली पडते अशी तक्रार आली आहे, ती पितळी करून पाहत आहोत.

सर्व वस्तूंचे सुटे भाग आम्ही वेगळे विकतो आणि त्यांची दरपत्रके केंद्रप्रमुखांकडे दिलेली आहेत. महाराष्ट्राच्या कोड्यातला मुंबई शहराचा तुकडा नखाएवढा असल्याने तो सर्वाधिक हरवतो, म्हणून प्रत्येक संचात त्याची एक जास्तीची प्रत आम्ही आधीच घालतो.