तुम्ही विचारलंत म्हणून : लॉबीतला पियानो घरी कशाला?

मैफलीत माझ्या शेजारी बसणारे स्नेही घरी आले आणि कपाटातली एक जुनी एलपी त्यांच्या हाती लागली, की प्रश्न ठरलेला असतो : ‘भीमसेन, किशोरीताई ऐकणारे तुम्ही; हॉटेलच्या लॉबीतले हे संगीत घरी कशाला ठेवता?’ तबकडी रॉजर विल्यम्स या अमेरिकी पियानोवादकाची, कॅप या रेकॉर्ड कंपनीची आहे, आणि तिच्यात ‘ऑटम लीव्ज’ (शरदातली पाने) हे गाणे पियानोवर वाजवलेले आहे. प्रश्नातली चेष्टा मी मनावर घेत नाही, कारण जेवताना किंवा गप्पा मारताना कानावर पडत राहावे म्हणूनच या जातीचे संगीत तयार होत असे. तरीही मी ती ठेवली आहे, आणि त्याचे कारण पियानोच्या एका उणिवेत आहे.

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, आणि सूर उमटतो त्याच क्षणापासून तो विरू लागतो. पायाखालचा पेडल दाबून तार मोकळी ठेवता येते, पण विरणारा सूर पुन्हा भरता येत नाही. वरच्या सप्तकांत तर तो फारच लवकर संपतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, घेता येत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण भाता हलतो आहे तोवर पेटीचा सूर निदान टिकतो. पियानोला मींडही नाही आणि ठहरावही नाही.

आता ‘ऑटम लीव्ज’ची चाल पाहा. जन्माने हंगेरियन असलेल्या जोसेफ कोस्मा यांनी ती पॅरिसमध्ये बांधली, झाक प्रेव्हेर यांनी तिला फ्रेंच शब्द दिले आणि पुढे जॉनी मर्सर यांनी इंग्रजी. तीन सूर पायरीपायरीने चढतात, मग वरचा एक सूर दीर्घ थांबतो; पुढची ओळ तीच आकृती एक पायरी खालून घेते, आणि असे होत होत चाल उतरत जाते. म्हणजे तिचा सगळा जीव त्या थांबलेल्या सुरात आहे, आणि पियानोला नेमके तेच जमत नाही. विल्यम्स यांनी 1955 मध्ये यावर जो उपाय केला तो मला आजही हुशारीचा वाटतो. सूर विरण्याच्या जागी ते वरून खाली झरझर उतरणारी सुरांची माळ सोडतात, पाने गळावीत तशी, आणि ग्लेन ऑसर यांच्या वाद्यवृंदातील व्हायोलिने मागे लांब सूर धरून ठेवतात. पियानो आघात देतो, तंतुवाद्ये श्वास देतात. हे वादन अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

या माणसाला ‘लॉबीवाला’ म्हणणे तसे अन्यायाचेच आहे. लुई वीर्ट्झ हे त्यांचे मूळ नाव, जन्म 1924 चा, अमेरिकेतल्या ओमाहा शहराचा. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत शिक्षण आणि लेनी ट्रिस्टानो, टेडी विल्सन यांच्यासारख्या जॅझ वादकांकडे धडे. ‘रॉजर विल्यम्स’ हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीच्या संस्थापकाचे नाव त्यांना कंपनीचे मालक डेव्ह कॅप यांनी चिकटवले. (तबकडी खपावी म्हणून बारसे करणे आपल्याकडेही नवे नाही.)

शिवाय व्हायोलिनांचा ताफा आपल्या कानाला परका कधीच नव्हता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा तंतुवाद्यांच्या ज्या सुरावटी लिहीत, त्या ऐकत वाढलेल्या माणसाने या तबकडीला नाक मुरडावे, याचे मला थोडे नवलच वाटते.

मात्र स्नेह्यांचे एक म्हणणे मी नाकारत नाही. जी युक्ती या चालीत गरजेतून आली, ती इतर चालींवर चढवली की नुसती झालर उरते. चाल मागत नसतानाही सुरांच्या माळा कोसळत राहतात, व्हायोलिने गोड होत जातात, आणि दहा मिनिटांत कान पेंगू लागतो. म्हणून ‘ऑटम लीव्ज’ संपले की मी बहुधा सुई उचलतो. बाकीची तबकडी पाहुणे जेवायला बसले की लावतो, आणि तेव्हा ती कोणालाच खटकत नाही.