गळती पुढे, थेंब मागे

काका गाडी घेऊन आले ते रिअर मेन सील, म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनच्या मागून बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं सील, बदलायचंय असं ठरवूनच. आधीच्या गॅरेजने तसं सांगितलं होतं, आणि खालून पाहिलं तर कुणीही तेच म्हणालं असतं. इंजिनच्या मागच्या टोकाला टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) झाकण तेलाने माखलेलं, त्यावर रस्त्याची धूळ बसून काळा थर, आणि गाडी जिथे उभी राहील तिथे पंजाएवढा डाग.

गाडी १९७६ ची, २६ फुटी जीएमसी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. ही गाडी १९७३ ते १९७८ या काळात मिशिगनमधल्या पॉन्टिअॅक गावात बनायची. आमचं वर्कशॉपही त्याच राज्यात, त्यामुळे वर्षातून दोन-चार तरी येतातच. ओल्डस्मोबिलचं ४५५ घन इंचांचं, म्हणजे ७.५ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह. इंजिन ड्रायव्हरच्या केबिनखाली बसवलेलं असतं. वरून हात घालायचा तर दोन सीटच्या मधलं झाकण उघडून, नाहीतर मग पुढचं चाक काढून बाजूने.

या इंजिनला रिअर मेन सील दोरीसारखं, वळलेल्या पॅकिंगचं असतं आणि ते थोडंफार ओलं राहणं नवीन नाही. पण ते बदलायचं तर ऑइल पॅन, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवावं लागतं, आणि या गाडीत पॅन खाली घेणं म्हणजे फायनल ड्राइव्हलाही (चाकांना ताकद देणाऱ्या गिअरलाही) हात घालणं. मजुरी बऱ्यापैकी होते. म्हणून आधी एक साधा प्रश्न विचारला: तेल गार असताना जास्त पडतं की गरम झाल्यावर?

काका म्हणाले, "सकाळी पहिल्या दहा मिनिटांत. नंतर जवळपास थांबतं."

"मग काका, सीलचं राहू द्या. आधी मला पुढचं उजवं चाक काढू द्या."

सीलची गळती सहसा उलटी वागते: तेल तापून पातळ झालं की वाढते. गार इंजिनला गळून गरम झाल्यावर थांबणारी गळती बहुतेक वेळा रबराची असते. गार तेल घट्ट, त्यामुळे सुरुवातीला दाब सर्वांत जास्त. त्यात जुनं रबर कडक होऊन आक्रसलेलं. तापलं की तेच रबर थोडं फुगतं आणि फट बुजते. या गाडीत इंजिनचं दाबाचं तेल रबरातून वाहतं अशी जागा एकच, ऑइल कूलरच्या लाइन.

कूलर वेगळा नाही, तो रेडिएटरच्या आतच आहे. रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत इंजिन ऑइलचा, दुसऱ्या बाजूच्या टाकीत ट्रान्समिशनच्या तेलाचा. इंजिनच्या उजव्या अंगाला, पुढे आणि खाली, ऑइल फिल्टरचा अॅडॅप्टर (फिल्टर इंजिनला जोडणारा तुकडा) असतो. तिथून दोन लाइन रेडिएटरला जातात, एक जायची आणि एक परत यायची. मूळ लाइन म्हणजे वळवलेली लोखंडी नळी, मध्ये रबरी होज, आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेली धातूची टोपी. ही दाबणी पन्नास वर्षं टिकावी अशी अपेक्षाच चूक आहे. रबर एकाच जागी इतका काळ दाबलेलं राहिलं की त्याची परत उसळायची ताकद जाते. टोपी तशीच घट्ट दिसते, आतली पकड मात्र गेलेली असते. ती पुन्हा दाबून बघणारे असतात. कडक रबर त्याने चिरतं, बाकी काही साधत नाही.

इथे हयगय चालत नाही, कारण या लाइनमध्ये पंपाचा पूर्ण दाब असतो. एखादी लाइन निसटली तर पॅनमधलं तेल पंप स्वतःच बाहेर फेकतो, आणि बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट असतो. वर फायबरग्लासचं घर. ठिबकणं परवडतं, निसटणं नाही.

पुढून गळलेलं तेल मागे कसं पोचतं? गाडी पळताना खालून येणारा वारा थेंबांना पॅनच्या कडेने मागे ढकलतो आणि ते शेवटच्या उभ्या भिंतीवर साचतात. म्हणून डाग कुठे आहे त्यापेक्षा सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची ओली जागा कुठे आहे ते पाहायचं. डिग्रीझरने सगळं धुतलं, वाळवलं, तेलात चमकणारा रंग टाकला (बाटलीवरच्या मापाने, साधारण ३० मिली), आणि रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी चालू केलं. जांभळ्या दिव्यात पिवळं-हिरवं चमकायला फार वेळ लागला नाही. चमक मात्र दोन ठिकाणी होती.

पहिली जागा अपेक्षित होती, मूळ लाइनच्या टोपीच्या तोंडाशी. दुसरीने मजा आणली. दुसरी लाइन मधल्या काळात कुणीतरी बदललेली, हायड्रॉलिक होज आणि चांगली जेआयसी टोकं (हायड्रॉलिकमधली एक ठरलेली जोडणी) लावून. होज कोरडं ठाक, नट कोरडा, पण नटाच्या मागून फिल्टरच्या बाजूला तेलाची बारीक रेघ. नटाच्या कडा पाना घसरून गोल झालेल्या. गळलं की आवळ, पुन्हा गळलं की पुन्हा आवळ, असं चाललं असणार.

नट सोडल्यावर कारण दिसलं. अॅडॅप्टरवरची पितळी फिटिंग ४५ अंशांच्या फ्लेअरची, म्हणजे शंकूसारख्या तोंडाची, होती आणि होजचं टोक जेआयसी, म्हणून ३७ अंशांचं. घोळ होतो तो यामुळे, की दहा नंबरच्या मापात (नंबर म्हणजे नळीचं माप, इंचाच्या सोळाव्या भागांत) दोन्ही पद्धतींचे आटे एकच आहेत: ७/८ इंच, इंचाला १४. आठ नंबरलाही तसंच, ३/४ इंच आणि १६ आटे. नट मस्त हाताने फिरत जातो, शेवटी घट्टही होतो. पण आतले दोन शंकू एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत, फक्त एका बारीक कडेवर टेकतात. तेल अडवतात ते शंकू, आटे फक्त ओढून धरतात. त्यामुळे कितीही आवळा, पितळ चेपतं आणि गळती जागा बदलते. त्या पितळी शंकूवर नखाला लागेल असा चरा गोल पडलेला होता.

आता रेडिएटरच्या टोकाकडे. रेडिएटर आधी कधीतरी दुरुस्त झालेला, म्हणून पुस्तकातल्या मापांवर विसंबलो नाही, थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावला. तिथे उलट्या फ्लेअरची, म्हणजे शंकू आतल्या बाजूला असलेली, जोडणी निघाली: तेच ७/८, पण इंचाला १८ आटे. १४ आट्यांची फिटिंग यात दोन फेरे जाते आणि अडकते. तिथे जोर लावणाऱ्याचे आटे गेलेच.

रेडिएटरचा नट सोडताना दोन पाने लागतात, हे विसरणं या कामात सगळ्यात महागात पडतं. टाकीच्या तोंडाशी असलेला षटकोन एका पान्याने घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने लाइनचा नट सोडायचा. एकच पाना लावला तर आतल्या कूलरची मान पिळली जाते, डाख दिलेला (सोल्डर केलेला) सांधा फुटतो, आणि मग तेल पाण्यात, पाणी तेलात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी पहिला नट कुरकुरतच सुटला. दोन्ही लाइन निघाल्यावर कूलरचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून ५० पीएसआय हवा भरली आणि रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. ही तपासणी केल्याशिवाय नवीन होजवर पैसे घालू नयेत.

होजच्या दुकानात "आठ नंबर, अर्धा इंच" म्हटलं की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. हायड्रॉलिक होजच्या ठरलेल्या जाती असतात. त्यातल्या १००आर१ जातीच्या आठ नंबर होजचा आतला बोअर अर्धा इंचच असतो, पण १००आर५ जातीच्या आठ नंबरचा १३/३२ इंच, म्हणजे १०.३ मिमी. क्षेत्रफळाने एक तृतीयांश वाट कमी. आर५ मध्ये पूर्ण अर्धा इंच हवा असेल तर दहा नंबर घ्यावा लागतो. मग आर१ च का नाही? साध्या आर१ ची मर्यादा बहुधा १०० अंश सेल्सिअस असते आणि चढावर इंजिनचं तेल त्यापुढे सहज जातं. आर५ जातीतलं १४९ अंशांचं होज मिळतं, पण सगळीच आर५ तशी नसतात. होजवर छापलेला आकडा वाचून घ्यायचा. दाबाची चिंता नसतेच, दोन्ही इंजिनच्या दाबापेक्षा कितीतरी पुढची आहेत. आणि हीटरचं होज क्लिप लावून बसवायचा विचारसुद्धा नको. ते रबर ईपीडीएम, पाण्यासाठी उत्तम, तेलात फुगून मऊ पडतं.

टोकं आम्ही पुन्हा वापरता येणारी घेतली. प्रवासात होज गेलंच तर दोन पाने आणि करवतीवर नवीन होज बनतं, दाबायचं मशीन शोधावं लागत नाही. होजवर टेप गुंडाळून बारीक दाताच्या करवतीने काटकोनात कापायचं. बाहेरचा सॉकेट डाव्या आट्यांचा असतो, तो उलटा फिरवत पूर्ण आत न्यायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा. मग निपलला (होजच्या आत जाणाऱ्या नळीला) तेल लावून आवळायचं. निपलचा षटकोन आणि सॉकेट यांच्यात पाऊण ते एक मिलिमीटर फट ठेवायची, नाहीतर नट मोकळा फिरत नाही. कापताना पडलेला रबराचा भुगा आत ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंनी सॉल्व्हंट आणि हवा मारायची, कारण कूलरमधून परतणारं तेल पुढे बेअरिंगला जातं असंच धरून चालावं.

अॅडॅप्टर उतरवलाच होता, म्हणून ब्लॉककडची गास्केट बदलली. पितळी फिटिंग फेकून तिथे निमुळत्या पाइप आट्यांच्या स्टीलच्या जेआयसी फिटिंग बसवल्या. या आट्यांना पेस्ट सीलंट, पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेफलॉन टेप नाही, तिचे तुकडे तेलात जातात. फ्लेअरच्या शंकूला तर काहीच लावायचं नाही, फक्त तेलाचा थेंब. नट हाताने बसवून, पान्याला रोध लागला की तिथून षटकोनाच्या एक ते दीड बाजू एवढंच फिरवायचं आणि मार्करने रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला हे लगेच कळतं.

होज ताणून बसवू नये. दाबाखाली ते चार टक्के आखडू शकतं किंवा दोन टक्के लांबतं, शिवाय इंजिन माउंटवर हलतं आणि रेडिएटर जागेवर असतो. अर्धा इंच आर५ ला वळण साडेपाच इंच त्रिज्येपेक्षा आत नको. त्यामुळे फिल्टरच्या टोकाला ९० अंशांचं एल्बो लागलंच. होजवरची छापील ओळ सरळ राहिली पाहिजे, ती मळसूत्रासारखी फिरली तर होज पिळलेलं आहे. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागावर सिलिकॉनचं फायर स्लीव्ह आणि आधाराला रबर लावलेले क्लॅम्प.

अर्धा इंच बोअरमध्ये मीटरला सुमारे १२७ मिली तेल मावतं. नवीन लाइन, नवीन फिल्टर आणि रिकामा कूलर भरेपर्यंत पातळी खाली जाणारच. इग्निशनची वायर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवत दाब उठेपर्यंत थांबलो. मग वायर जोडून इंजिन चालू, प्रत्येक सांध्याखाली पांढरा पुठ्ठा. कोरडा. वीस मिनिटांनी बंद करून डिपस्टिकने तेल पुरं केलं.

काकांना गाडी त्याच संध्याकाळी हवी होती. दिली नाही. ही गळती गार इंजिनची होती, तर गरम इंजिनवर कोरडा पुठ्ठा दाखवून काही सिद्ध होत नाही. रात्री पारा शून्याच्या आसपास गेला, सकाळी पुन्हा चालू केली. दोन्ही लाइन कोरड्या. मागे, कन्व्हर्टरच्या झाकणाच्या कडेला, दिव्यात एक ओलसर रेघ चमकली. ते मेन सील. ते तसंच राहू दिलं, आणि मागच्या कपाटात मीटरभर होज आणि दोन टोकं टाकून गाडी परत केली.